पडद्यामागचं खातं : अस्थिव्यंग कलाकारांच्या स्पर्धेच्या नोंदी

6 नोव्हेंबर 2024, बुधवार

दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले, आता कामाला लागायचं. 3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन यंदा मंगळवारी येतो. मंगळवारी ना कलाकारांना रजा मिळत ना प्रेक्षकांना, म्हणून रविवार, 8 डिसेंबर पक्का केला. गाणं, वाद्य, नाच, नकला, चित्र, ज्याला जे येतं ते. माझ्याकडे पडद्यामागचं खातं आलंय. कलाकार दारात उतरला की स्टेजवर जाऊन, खाली येऊन, पुन्हा गाडीत बसेपर्यंत तो माझ्या ताब्यात.

सभागृहाचा मोठा घोळ होता. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्टच्या रात्री जळालं, तेव्हापासून कोल्हापुरातले सगळे कार्यक्रम उरलेल्या चार-दोन हॉलच्या मागे लागलेत. मंगल कार्यालयांना विचारायची सोयच नाही, तुळशीची लग्नं आठवड्यावर आली. शेवटी एका शाळेने सभागृह द्यायचं कबूल केलं. भाडं नाही, वीजबिल आणि झाडलोट आपली.

अर्ज येऊ लागलेत. या वहीत कुणाचं नाव लिहिणार नाही, गावावरून ओळखू.

10 नोव्हेंबर, रविवार

टेप घेऊन सभागृह मोजलं. मुख्य दाराला रॅम्प आहे, चांगला, सिमेंटचा, कठड्यासकट. स्टेजला मात्र सहा पायऱ्या, त्याही विंगेतल्या अंधाऱ्या बोळातून. व्हीलचेअरवरचा माणूस कार्यक्रम बघायला येईल हे बांधताना कुणीतरी धरलं होतं. तो कार्यक्रम करायला येईल हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

स्टेज तीन फूट उंच. सुगम्यतेचा नियम एकास बारा: एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे आपल्याला छत्तीस फूट उतार हवा. एवढी सरळ जागा विंगेत नाही, पण डाव्या भिंतीकडेने तीसेक खुर्च्या काढल्या तर अठरा-अठरा फुटांचे दोन पल्ले बसतात, मध्ये वळायला सपाट चौथरा. कागदावर काढलं.

संडासाचं दार जेमतेम दोन फूट. साधी व्हीलचेअर त्याहून रुंद. वर चार इंचांचा उंबरा. दार बिजागरीतून काढून जाड पडदा लावायचा आणि उंबऱ्याला दोन्हीकडून लाकडी पाचर द्यायची, असं शिपाईमामांशी बोलून ठेवलं. मुख्याध्यापकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, “दार पुन्हा बसवून द्या म्हणजे झालं.”

14 नोव्हेंबर, गुरुवार

मांडववाल्याच्या गोडाऊनमध्ये गेले. त्याने छत्तीस फूट ऐकलं आणि हसायलाच लागला. त्याच्याकडे बारा फुटी लोखंडी रॅम्प तयार आहे. “ह्याच्यावरनं आम्ही साउंडचे बॉक्स चढवतो ओ ताई. माणूस काय जड आहे?”

वाद घालत बसले नाही. सोबत संस्थेची रिकामी व्हीलचेअर नेली होती. म्हटलं, तुम्हीच बसा आणि तुमच्याच रॅम्पवरून स्वतःच्या हाताने वर जाऊन दाखवा. गडी तयार झाला. पहिल्या तीन फुटांत दंड फुगले, निम्म्यावर चाकं थांबली, आणि पुढची दोन छोटी चाकं अलगद हवेत उचलली गेली. मागं त्याचीच पोरं उभी होती म्हणून पाठीवर पडला नाही. उतरला, घाम पुसला, चहा सांगितला आणि कानावरची पेन्सिल काढून माझ्या कागदावर स्वतःच आकडे लिहायला लागला. खाली लोखंडी फ्रेम, वर अठरा एमएमचं प्लायवूड, चार फूट रुंदी, कडेला दोन इंचांची पट्टी म्हणजे चाक खाली घसरत नाही. कार्पेट ढिलं टाकायचं नाही, ताणून ठोकायचं. ढिल्या कार्पेटमध्ये पुढची चाकं रुततात, हे त्याला मी सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं.

शिवाय पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी बांबूचे कठडे. कुबड्या आणि कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा) वाल्यांना लांब उतारापेक्षा धरायला आधार असलेल्या पायऱ्या बऱ्याचदा सोयीच्या पडतात. रॅम्प केला की सगळ्यांची सोय झाली असं समजायचं नाही.

17 नोव्हेंबर, रविवार

कलाकारांची पहिली बैठक. तीन विषय होते, दीड तास एकाच विषयावर गेला.

समितीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं, रॅम्पवर खर्च कशाला, कार्यक्रम स्टेजच्या खाली जमिनीवरच करू. खर्च वाचेल हे खरं. उचगावचा दादा, मणक्याला मार लागल्यापासून व्हीलचेअरवर, जोडीदारणीबरोबर नाच बसवतोय, तो एवढंच म्हणाला, “खाली आम्ही रोजच असतो.” विषय संपला.

मग निघाली गुणपत्रिका. दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमाचा जुना नमुना समितीने तसाच छापायला काढला होता. सूर 10, ताल 10, सादरीकरण 10, आणि शेवटी जिद्द 10. जयसिंगपूरच्या ताईंनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. वय पन्नाशीचं, लहानपणीचा पोलिओ, एका पायाला कॅलिपर. विचारलं, “जिद्दीचे दहापैकी सात कुणाला देणार आणि का?” कुणालाच उत्तर देता येईना. समितीकडून दुसरा प्रस्ताव आला: क्रमांकच नको, सगळ्यांना एकसारखी ट्रॉफी, कुणाचं मन दुखवायला नको. यावर तर गलकाच झाला. उचगावच्या दादाने सचिन खिलारीचं उदाहरण काढलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातला माणूस, पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटर, पहिल्याचे 16.38. “सहा सेंटिमीटरनं सोनं गेलं त्याचं. तिथं कुणी म्हणालं का, जाऊ दे, एक हात अधू आहे, दोघांना सोनं द्या? टेप लावून मोजलं म्हणून त्या रौप्याला किंमत आहे.”

जिद्दीचा रकाना काढला. पहिले तीन क्रमांक, परीक्षकांनी प्रत्येकाला दोन ओळींचा शेरा लिहून द्यायचा. मला हे मनापासून पटलं. आपण टाळ्या फार स्वस्त केल्यात. व्हीलचेअर दिसली की लोक गाणं सुरू व्हायच्या आधीच उभे राहतात, मग गाणाऱ्याला कळायचं कसं की आज सूर लागला होता का.

त्यातूनच वेळेचा प्रश्न आला. प्रत्येकाला चार मिनिटं. इचलकरंजीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नाही, एकेक शब्द ओढून काढावा लागतो, आणि तो करणार विनोदी कथन. चार मिनिटांत त्याचा एस.टी.चा कंडक्टर तिकीटसुद्धा फाडणार नाही. आठ मिनिटं दिली. कुणीतरी कुरकुर केली की मग ही सवलतच झाली की. झाली ना. त्याला बोलायला लागतो तेवढा वेळ द्यायचा. विनोद पडला तर मात्र पडला.

यादी बघताना एक लक्षात आलं. कॅलिपर लावणारे सगळे चाळिशीच्या पुढचे. तरुण मुलांत एकही पोलिओ नाही. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाणारा आजार), दुचाकीचे अपघात. देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण सापडला जानेवारी 2011 मध्ये. ते इथं अर्जांच्या गठ्ठ्यात वयाच्या रकान्यात दिसतं.

24 नोव्हेंबर, रविवार

काल विधानसभेचा निकाल लागला, रस्त्यावर अजून गुलाल. रिक्षा मिळायला वेळ लागला.

दिवस गेला पायपेटीत, आणि चांगला गेला. गडहिंग्लजच्या काकांचा डावा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेला, कोपरापासून. पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. आता उजव्या हाताने स्वर वाजवतात आणि पुतण्या भाता मारतो. अर्जाबरोबरच्या व्हिडिओत ऐकू येत होतं, काकांची तान वर चढते आणि नेमक्या तिथं हवा संपते. पुतण्याचा दोष नाही. भाता म्हणजे वाजवणाऱ्याचा श्वास, तो दुसऱ्याने घ्यायचा म्हटल्यावर असंच होणार.

आमच्या परीक्षकांपैकी एक निवृत्त संगीतशिक्षिका, त्यांना सहज बोलले तर म्हणाल्या, “मग हातपेटी कशाला? पायपेटी द्या त्यांना.” संगीत नाटकांच्या काळातला ऑर्गन, भाता दोन्ही पायांनी चालतो. इतकी साधी गोष्ट. पण पायपेटी आणायची कुठून? विचारत विचारत एका जुन्या भजनी मंडळाच्या माळ्यावर सापडली. कातडं उंदरांनी खाल्लेलं, दोन स्वर मुके. पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी भात्याला नवं कातडं लावून आज दिली.

काका समोर बसले. आधी नुसते पाय चालवले, एकही पट्टी न दाबता, आतून धाप लागल्यासारखा आवाज येत राहिला. पायांची लय जमेना. डावा पाय दाबला की उजवा उचलायचा विसरायचा, स्वर हेलकावे खायचा. पुतण्या पुढं व्हायला लागला तर त्याला डोळ्यांनीच बसवलं. तासाभराने षड्ज सरळ उभा राहिला. मग काकांनी तोच एक स्वर केवढा वेळ धरून ठेवला. बाईंनी वहीत काही लिहिलं नाही, म्हणाल्या, आज मी परीक्षक नाही, पण मध्यमावर घाई करताय.

30 नोव्हेंबर, शनिवार

कॉलेजच्या मुलामुलींचं स्वयंसेवक प्रशिक्षण. शिकवणार उचगावचा दादा आणि जयसिंगपूरच्या ताई, मी फक्त हजेरी घेतली.

दादाने सांगितलं: न विचारता खुर्चीला हात लावायचा नाही. उचलायची वेळ आली तर हाताच्या टेकूला धरायचं नाही, तो निघून हातात येतो आणि माणूस खाली. उतारावरून खाली नेताना उलटं न्यायचं. बोलायचं असेल तर समोर खुर्ची घेऊन बसा, मान वर करून करून दुखते. आणि विंगेत ताटकळत ठेवू नका. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलावं लागतं, नाहीतर जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही.

ताईंनी एकच सांगितलं, पण ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. “मी बसले की तुम्ही माझ्या कुबड्या उचलून नीट कोपऱ्यात ठेवता. फार संस्कारी पोरं. आता मी उठू कशी?”

एका मुलाने विचारलं, शेवटी कागदी फुलांचा बार उडवायचा का. नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली बरीच माणसं अचानक मोठ्या आवाजाने दचकतात आणि सगळं अंग आखडतं, आणि ते कागद चाकांत गुंततात ते वेगळंच.

3 डिसेंबर, मंगळवार

राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला त्याला आज दोन वर्षं. गावात दिवसभर फेटे, पुष्पगुच्छ, भाषणं. आमच्या बॅनरचा नमुना आला, त्यावर ‘जिद्दीला सलाम’. परत पाठवला. नुसतं स्पर्धेचं नाव, तारीख, वेळ.

निवेदिकेची संहिताही वाचली. “नियतीने हात हिरावला, पण...” अशी सुरुवात पाचजणांच्या परिचयात. तिचा हेतू चांगला आहे, आवाजही सुंदर, म्हणून बसून सगळं नव्यानं लिहिलं: गाव, काय सादर करणार, कुणाकडे शिकले. आजाराचं नाव कुठंही नाही, ज्याला सांगायचंय तो स्वतः सांगेल.

5 डिसेंबर, गुरुवार

पाहुण्यांचा प्रश्न आपोआप सुटला. समितीला आमदार हवे होते. मुंबईत आज नव्या सरकारचा शपथविधी, आणि परवापासून तीन दिवस विशेष अधिवेशन, आमदारांच्या शपथा. आठ तारखेला सगळे तिकडेच. अर्ध्या-पाऊण तासाची भाषणं वाचली. मी वर काहीच बोलले नाही, चेहरा गंभीर ठेवला.

7 डिसेंबर, शनिवार

रॅम्प उभा राहिला. मांडववाल्याने रात्री स्वतः व्हीलचेअर घेऊन दोन फेऱ्या मारल्या, चौथऱ्यावर वळून दाखवलं. स्टेजचा लूक जातो म्हणून कुणीतरी रॅम्पला झालर लावून झाकायला निघालं होतं, ते थांबवलं.

साउंडवाल्याला बुटके माइक स्टँड आणायला सांगितले होते, त्याने उंचच आणले. उद्या सकाळी बदलून मिळतील म्हणतो.

8 डिसेंबर, रविवार

रात्री उशिरा लिहितेय, क्रम चुकेल.

माणसं सकाळी नऊपासून आली. कोण टेम्पो ट्रॅव्हलरने, कोण एस.टी.ने. तिकिटात पंच्याहत्तर टक्के सवलत आहे, पण बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर ती आहेच. हुपरीचा एकजण साइडची चाकं लावलेली स्कूटर घेऊन थेट रॅम्पच्या तोंडाशी आला.

अकराच्या सुमाराला चहा-पाणी फिरवलं तर बायका पाण्याला नको म्हणतात. एक नाही, सगळ्याच. राधानगरीची मुलगी गाणारी, ओठ सुकलेले, तीही नको म्हणे. बाजूला घेऊन विचारलं. घरातून निघताना पाणी बंद केलेलं, बाहेर संडासाची खात्री नसते म्हणून. प्रवासात, परीक्षेला, लग्नाला, कायम हेच. तिला नेऊन काढलेलं दार, पडदा, पाचर, आतली कमोडची खुर्ची दाखवली. तिने व्हीलचेअर आत नेली, फिरवली, बाहेर आणली. मग तांब्याभर पाणी प्यायली आणि बाकीच्यांना जाऊन सांगितलं. त्यानंतर पाण्याचा जार अर्ध्या तासात संपला. माझ्या खात्यात आज सगळ्यात कामी आलेली वस्तू कुठली म्हणाल तर तो पडदा.

दुपारी दोनला सुरुवात. हातांशिवाय जन्मलेली निपाणीची चित्रकार मुलगी पहिल्यापासून स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात बसली, पायाच्या बोटांत ब्रश धरून. चार मिनिटांत चित्र होत नाही, म्हणून ती कार्यक्रमभर रंगवत राहिली आणि वरून लावलेला मोबाइल ते पडद्यावर दाखवत होता. लोक मध्येमध्ये गाणं सोडून तिचा ब्रश बघायचे, याची गाणाऱ्यांनी नंतर रीतसर तक्रार केली. तक्रार रास्त आहे. पुढच्या वेळी पडदा बाहेरच्या पॅसेजमध्ये.

इचलकरंजीच्या मुलाने पहिल्या दोन मिनिटांत सभागृह ताणून धरलं. लोकांना हसावं की नाही कळेना. मग त्याचा कंडक्टर म्हणाला, “सर्टिफिकेट दाखव,” आणि प्रवासी खिशात हात घालतो तो हात बाहेर यायलाच तयार नाही. त्याने तो हात खिशातच ठेवून पुढची दोन वाक्यं इतकी सावकाश घेतली की आधी मागची रांग फुटली, मग सगळेच. उशीर हाच त्याचा विनोद होता. शेवट मात्र त्याने पुन्हा त्याच खिशावर केला, आणि तो पडला.

काकांची पायपेटी. मध्यमावर घाई केली नाही. एवढंच लिहिते, कारण त्या वेळी मी विंगेत मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलाच्या पॉवर चेअरचं चार्जर लावायला प्लग शोधत होते आणि अर्धंच ऐकलं.

जयसिंगपूरच्या ताई पायऱ्यांवरून आल्या, बांबू धरत. नऊवारी, नाकात नथ. बैठकीची लावणी. या प्रकारात उठून नाचायचंच नसतं. बसल्या जागी तीच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी डोळ्यांनी, मनगटाने, पदराने तिचा वेगळा अर्थ काढायचा. ताईंनी एक ओळ सहा-सात तऱ्हेने घेतली. चौथ्या वेळी नुसती भुवई. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातून शंभराची नोट काढली, शेजारच्या आजींनी ती परत खिशात घालायला लावली. कॅलिपर कुणाला दिसलाच नाही, नऊवारीखाली होता म्हणून नव्हे.

उचगावच्या दादाची जोडी रॅम्पवरूनच नाचत वर गेली, चौथऱ्यावर गिरकी घेऊन. हे आम्हाला कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मांडववाला मागं उभा राहून शिट्ट्या मारत होता.

निकाल: पहिले काका, दुसऱ्या ताई, तिसरा इचलकरंजीचा. दादाच्या जोडीला काही नाही. शेरा आला की गिरक्या सुंदर पण दोघांची नजर एकमेकांकडे कमी आणि चाकांकडे जास्त. दादाने शेरा दोनदा वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला. इचलकरंजीचा मुलगा परीक्षकांना गाठून पंधरा मिनिटं भांडला, शेवट बरोबरच होता म्हणून. त्याची आई कानकोंडी होऊन त्याला ओढत होती. परीक्षक म्हणाले, राहू दे, भांडू दे, शेवट काय असायला हवा होता यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

11 डिसेंबर, बुधवार

हिशेब पूर्ण, पावत्या समितीकडे. संडासाचं दार बसवून दिलं. पायपेटी भजनी मंडळाने काकांकडेच राहू द्या म्हटलंय, मंडळाच्या एकादशीला घेऊन यायच्या अटीवर. रॅम्पच्या फ्रेम मांडववाल्याने मोडल्या नाहीत, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुख्याध्यापकांनीच मागून घेतल्या.

संध्याकाळी जयसिंगपूरच्या ताईंचा फोन. गुणपत्रिका हवी होती. फोटो पाठवला. दहा मिनिटांत परत फोन, ताल 10 पैकी 8 कसे? “मी एक मात्रासुद्धा सोडली नाही ओ. ढोलकीवाला तिसऱ्या आवर्तनाला पळाला, मी त्याला सांभाळून घेतलं. व्हिडिओ बघा.” व्हिडिओ बघितला, मला काही कळलं नाही. त्यांना परीक्षक बाईंचा नंबर हवाय. बाईंना विचारून देते म्हटलं. बाई म्हणाल्या, द्या, पण त्यांना सांगा, ढोलकीसकट ऐकून आठ दिलेत.